टाकी उचललीस का?

इकडे ये. हात पुसत बसू नकोस, स्वच्छच आहेत तुझे हात, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे. जुनी मोटारसायकल तपासून आलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत काळे असायला हवेत. तू काल संध्याकाळी एक गाडी ‘पास’ करून आलास आणि नखात ग्रीसचा कणसुद्धा नाही.

मावसभावाने तुला कशाला नेलं होतं सोबत? चहा प्यायला? पहाटे चारला उठून दुधाचे कॅन लावून गावोगाव फिरणारा माणूस तो. गाडीसाठी पैसे साठवले, एजंटला इसार देऊन बसला, आणि उरलेले पैसे द्यायच्या आधी तुला विचारलं. का, तर हा आयटीआयला आहे, टू-थ्री व्हीलरचा ट्रेड करतोय, याला कळतं. आणि तू काय केलंस ते आत्ता सगळ्या वर्गासमोर मोठ्या तोंडाने सांगितलंस. पहिल्या किकला गाडी चालू झाली. सायलेन्सरमधून धूर नाही. टायमिंग चेनचा आवाज नाही. क्लच घसरत नाही. सीट कव्हर नवं, टाकीला पॉलिश. ‘सर, गाडी एकदम कडक आहे.’

कडक म्हणे!

आज सकाळी तो बिचारा तीच गाडी दाखवायला घेऊन आला. फाटकातून आत वळला तेव्हा मी व्हरांड्यात चहा घेत होतो. तिथूनच दिसलं की गाडी सरळ चाललीय आणि हँडल मात्र डावीकडे वळलेलं आहे. चष्मा लावलेल्या, रिटायरमेंटला टेकलेल्या माणसाला साठ फुटांवरून दिसलं. तू त्याच गाडीवर बसून दोन किलोमीटर फिरून आलास. डोळे कुठे गहाण ठेवले होतेस?

इंजिन ऐकलंस, बरं केलंस. पण इंजिन बिघडलं तर काय होतं? बोअर मारता येतो, पिस्टन बदलता येतो, व्हॉल्व्ह बसवता येतात. गाडी बंद पडते आणि माणूस एसटीने घरी येतो. फ्रेम मात्र बंद पडत नाही. वाकडी असली तरी गाडी चालू होते, ॲव्हरेज देते, पीयूसी पास होते. आणि मग एखाद्या दिवशी, मागे चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन, घाटाचा उतार, पुढे अचानक आलेलं कुत्रं, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला जात नाही. तू ज्या गोष्टी तपासल्यास त्या सगळ्या पैशाने भरून येणाऱ्या आहेत. एकच गोष्ट तशी नव्हती, आणि नेमकी तीच सोडून आलास.

टाकी उचललीस का?

मान हलवू नकोस, तोंडाने बोल. नाही उचललीस. सीटखालचा एक बोल्ट, पेट्रोलचा पाइप, गेजची वायर. दहा मिनिटांचं काम. मागच्याच महिन्यात याच बाकावर तुमच्या सगळ्यांकडून करून घेतलं होतं. टाकीखाली काय असतं? हेड पाइप, आणि त्याला येऊन मिळणाऱ्या नळ्या. पुढून धडक बसली की पहिला मार चाकाला, मग शॉकपला, मग शॉकप धरणाऱ्या टीला, आणि तिथून तो सगळा हेड पाइपवर येतो. चाक आणि शॉकप म्हणजे जवळजवळ दीड हाताचा लीव्हर, आणि त्याच्या टोकाशी हा सांधा. लीव्हर शिकवला होता ना? लांबी वाढली की जोर वाढतो, हे परीक्षेत लिहितोस, मग गाडीवर का दिसत नाही? म्हणून फ्रेमचं पहिलं दुखणं हेड पाइपच्या मागे, खाली उतरणाऱ्या नळीवर दिसतं. नळीच्या मागच्या अंगाला रंगाची बारीक सुरकुती पडते. कधी खपली निघते, कधी वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी गंजाची तांबूस रेघ धावते. ती रेघ डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागते. बोट फिरवायला सांगतो ते यासाठी, मला तुमची नखं काळी बघायची हौस नाही.

आणि रंग ताजा दिसला तर? तर जास्त संशय घ्यायचा. आठ वर्षांच्या गाडीची फ्रेम चकचकीत काळी का असेल? कुणाला एवढा पुळका आला? वायरिंगचं हार्नेस बघ, केबल बघ, रबरी ग्रोमेट बघ. कारखान्यात फ्रेम आधी रंगते, वायरी मग बसतात. वायरीवर काळ्या रंगाचे शिंतोडे असतील तर कुणीतरी गाडी न उघडता फवारा मारलाय, आणि त्याला काहीतरी झाकायचं होतं. वेल्डिंगचंही तसंच. कंपनीचा टाका कसा असतो ते स्टोअरमधल्या कापलेल्या फ्रेमवर तुम्ही बघितलंय. सारखा, एका चालीचा, दोन्ही बाजूंना एकाच मापाचा. डाव्या बाजूला सुबक आणि उजव्या बाजूला ढेकळं, वर ग्राइंडर फिरवल्याचे ओरखडे, म्हणजे ती जागा फुटली होती. याला काय परीक्षा लागते? बघावं लागतं, एवढंच.

हँडल दोन्ही टोकांना नेलंस का? नेलं असशील, पार्किंगमधून गाडी काढताना. तपासायला नाही. खालच्या टीवर आणि फ्रेमवर स्टॉपर असतात, हँडल जास्त वळू नये म्हणून. गाडी लोळली किंवा चाकाला आडवा दणका बसला की हँडल त्या स्टॉपरवर आदळतं. तो चेपतो, वाकतो, कधी तुटून पडतो. मग हँडल एका बाजूला जास्त वळतं आणि त्याची मूठ टाकीला लागते. तुझ्या त्या ‘कडक’ गाडीच्या टाकीला उजव्या बाजूला, गुडघ्याच्या पुढे, लिंबाएवढा खड्डा आहे. त्यावर स्टिकर चिकटवलाय. वाघाचा. तू त्या वाघाचं कौतुक करून आलास म्हणे. चुंबक लावून बघितलं असतंस तर तिथे धरलंच नसतं, आत पुट्टी आहे. चुंबक तुझ्या किचेनलाच लटकतोय!

मग टी अडखळते का बघण्यासाठी मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हलकेच डावी-उजवीकडे न्यायचं. मधोमध आलं की टक्क करून बसतं का? बसत असेल तर बॉल रेसरला खड्डे पडलेत. खड्डे खराब रस्त्यानेही पडतात, जुन्या ग्रीसनेही पडतात, तेवढ्यावरून गाडी ठोकलेली आहे असं म्हणायचं नाही. पण नोंद घ्यायची. एकेक खूण स्वतंत्रपणे फसवू शकते. चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवायला लागल्या की मग फसवत नाहीत.

मागचे, हसू नका. तुमच्यातल्या एकाने दिवाळीआधी एक चांगली स्प्लेंडर नाकारायला लावली होती. का, तर ब्रेक लीव्हरचं टोक घासलेलं आणि इंडिकेटर तुटलेला. गाडी उभ्या जागी आडवी पडली की लीव्हर घासतो, फूटरेस्ट वाकतो, आरसा फुटतो. भारतात आठ वर्षं वापरलेली आणि एकदाही आडवी न पडलेली गाडी मला आणून दाखवा, मी तिला हार घालतो. पडणं वेगळं आणि धडकणं वेगळं. लेग गार्ड घासलेला असेल तर घाबरायचं नाही, पण तो ज्या क्लॅम्पने खालच्या नळीला बांधलाय तिथे बघायचं. जाडजूड लेग गार्ड बसवून लोक स्वतःला सुरक्षित समजतात. वेगात गाडी त्याच्यावर पडली की गार्ड वाकत नाही, आणि त्याचा मार ज्या नळीला तो आवळलाय तिला बसतो. गार्ड शाबूत आणि नळीला चिमटा, असं मी कित्येकदा बघितलंय.

आता दोरी. दोरी घ्यायला किती पैसे लागतात? गोणी शिवायची सुतळीसुद्धा चालते. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करायची. मागच्या टायरच्या मागून दोरी घालून दोन्ही टोकं पुढे आणायची, जमिनीपासून जितकी उंच नेता येतील तितकी, मध्ये स्टँड, सायलेन्सर कशाला टेकू द्यायची नाहीत. मागच्या टायरच्या पुढच्या कडेला दोरी नुसती स्पर्श करेल इतपत ताणायची. मग पुढच्या टायरजवळ दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. मागचं टायर १०० मिलिमीटरचं आणि पुढचं ८० चं असेल तर फरक २० चा, म्हणजे दोन्हीकडे साधारण १०-१० सापडायला हवं. पुढच्या टायरच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला दोन्ही ठिकाणी मोजायचं, म्हणजे चाक वळलंय की सरकलंय ते कळतं. स्प्लेंडरसारख्या दोन्ही टायर एकाच मापाच्या गाडीला दोरी दोन्हीकडे टेकायला हवी.

पण थांब. उतावळेपणा इथेही नको. दोरी चुकली म्हणून लगेच ‘फ्रेम गेली’ असं ओरडायचं नाही. आधी मागचं चाक सरळ आहे का? चेन ताणताना स्विंगआर्मवरच्या खुणा बघून दोन्ही नट फिरवतात, आणि त्या खुणांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. स्विंगआर्मच्या पिव्हटपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावायची. मागचं चाक जागेवर असेल आणि तरीही पुढे फरक येत असेल, तर शॉकप टीमध्ये पिळलेत का बघायचं. खड्ड्यात साधं पडलं तरी पिळतात. टीचे बोल्ट आणि ॲक्सल सैल करायचा, चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल फिरवायचं, पुन्हा आवळायचं. हे तर रस्त्याकडेचा पोरगासुद्धा रोज करतो. तेवढ्याने सरळ झालं तर चहाच्या पैशात काम झालं. नाही झालं तर शॉकपचे पाइप काढून व्ही-ब्लॉकवर ठेवायचे, डायल गेज लावून फिरवायचे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सहसा ०.२ मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते. रिमला २ मिलिमीटरपर्यंत आऊट चालतो, पाइपला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच. पाइप सरळ, टी सरळ, मागचं चाक सरळ, रिम सरळ आणि तरीही दोन चाकं एका रेषेत येत नाहीत, तेव्हा दोष द्यायला फ्रेमशिवाय कुणी उरत नाही.

आज दुपारी जेवायच्या सुट्टीत मी हे सगळं त्या गाडीवर केलं. शॉकप नवे आहेत, डुप्लिकेट. टी नवी. पुढची रिम नवी. हेडलाइट नवा. आणि एवढं नवं घालूनही पुढचं चाक दोरीत बसत नाही. पंधरा फूट मागे जाऊन, उकिडवं बसून बघितलं तर मागचं चाक उभं आणि पुढचं किंचित कललेलं. हेड पाइप पिळलाय. आठ वर्षांच्या गाडीला पुढचं सगळं नवं का, हा प्रश्न तुला पडायला हवा होता. मागचा मडगार्ड उन्हाने पांढरा पडलेला आणि पुढचा कालच खोक्यातून काढल्यासारखा. तुला वाटलं, मालकाने गाडी जपलीय! नवे सुटे भाग बघून खूश व्हायचं ते गिऱ्हाइकाने. मेकॅनिकने विचारायचं की जुने कुठे गेले.

आणि हेड पाइप मागे ढकलला गेला की काय होतं ते फळ्यावर तीनदा काढून दाखवलंय. हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीपर्यंत खाली आणली की ती टायर टेकतं त्याच्या पुढे पडते. ते अंतर म्हणजे ट्रेल, आपल्या रोजच्या गाड्यांना साधारण आठ-दहा सेंटिमीटरचं. त्याच्यामुळे पुढचं चाक आपोआप सरळ राहायला बघतं. हेड पाइप उभट झाला की ट्रेल घटतो, हँडल चपळ होतं, आणि वेग वाढला की थरथरायला लागतं. व्हीलबेससुद्धा कमी होतो. स्प्लेंडर प्लसचा १२३६ मिलिमीटर आहे, प्रत्येक गाडीचा मालकाच्या पुस्तकात छापलेला असतो. टेप लावायची. चेन ॲडजस्टमेंटमुळे थोडं पुढेमागे होतं, ते धरून चालायचं. पण चाक ॲडजस्टरच्या मागच्या टोकाला असूनही आकडा कमीच येत असेल, तर गाडी आखडलीय.

तू म्हणालास, चालवून बघितली तेव्हा जाणवलं नाही. कसं जाणवेल? एका हातात मोबाईल होता, भाऊच सांगत होता. सपाट रस्ता निवडायचा, रस्त्याच्या मधोमध, कारण कडेला उतार असतो आणि तिथे कुठलीही गाडी डावीकडे ओढणारच. चाळिसाच्या वेगात पकड नुसती हलकी करायची. हलकी म्हणालो, हात सोडून सर्कस करायची नाही. गाडी सरळ जाताना हँडल कुठे बघतंय ते बघायचं. मग हळू ब्रेक, मग जरा जोरात. आणि उतरल्यावर टायर बघायचं, एकाच बाजूने खाल्लंय का, मागच्या चकतीचे दात एकाच अंगाने घासलेत का. टायर नवं असेल तर ही साक्ष गेली, पण दात बदलायचं एजंटला सहसा सुचत नाही.

‘सर, एजंट म्हणाला वाकली असेल तर सरळ करून देतो.’ देईल ना! खांबाला साखळी बांधेल, गॅसने नळी लाल करेल आणि ओढेल. दोरीत बसेलही गाडी. पण ती नळी पातळ आहे, तिची ताकद तिच्या आकारात आणि ती कारखान्यात जशी घडवली त्या प्रक्रियेत आहे. एकदा चिमटली की आकार गेला, लाल केली की घडण गेली. दिसायला सरळ, आणि पुढच्या दणक्याला पहिल्यापेक्षा लवकर मोडणार. ड्यूकसारखी जाळीची फ्रेम असेल तर एक नळी ओढताना शेजारच्या चार हलतात. ॲल्युमिनियमचा भाग असेल, आर१५ चा स्विंगआर्म धर, तर तो तापवून ओढायचा विचारही करायचा नाही. जिगवर बसवून, मोजून, थंड अवस्थेत किरकोळ बाक काढणारे जाणते लोक आहेत, पण ते खांबाला साखळी बांधत नाहीत. नवी फ्रेम घालायची तर आरटीओची परवानगी लागते, कारण चेसिस नंबर त्या फ्रेमवरच असतो.

नंबर तरी वाचलास का? आरसीवरचा आणि गाडीवरचा, अक्षर न् अक्षर? सतरा अक्षरं असतात, त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. बहुतेक गाड्यांना तो हेड पाइपवरच ठोकलेला असतो, म्हणजे नंबर वाचायला वाकलास की मार बसणारी जागा आपोआप नाकासमोर येते. त्या निमित्ताने तरी वाकायचंस.

आणि कागद. मागच्या वर्षीची विमा पॉलिसी मागितलीस? त्यावर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, पाच वर्षांत ५० पर्यंत. दरवर्षी पूर्ण विमा भरणाऱ्या मालकाच्या पॉलिसीवर तो शून्य दिसला तर विचारायचं, क्लेम कशाचा घेतला? नुसता थर्ड पार्टी असेल तर त्यातून काही कळणार नाही. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. त्यातल्या काही गाड्या भंगारात न जाता रंग लावून पुन्हा रस्त्यावर येतात. तुझ्या एजंटने पॉलिसी ‘घरी राहिली’ सांगितली आणि तू ‘चालेल’ म्हणालास. का चालेल? पैसे तुझे होते?

मला खरा राग कशाचा आलाय सांगू? टाकी उचलली नाहीस याचा नाही. एजंट उचलू देत नाहीत, हे मलाही माहीत आहे. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ म्हणतात. ठीक. मग भावाला सांगायचं होतंस, ‘दादा, इंजिन बघितलं, बरं आहे. फ्रेम मला बघू दिली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही.’ एवढं एक वाक्य. त्याने मग घ्यायची की नाही ते ठरवलं असतं. पण तुला तज्ज्ञ म्हणून नेलं होतं, आणि तज्ज्ञाला ‘बघितलं नाही’ म्हणायला लाज वाटली. न बघितलेल्या गोष्टीला ‘ओके’ म्हणालास. याला आमच्या वेळी पाट्या टाकणं म्हणायचे, आणि त्यासाठी हातावर पट्टी बसायची. आता पट्टी बंद झाली, म्हणून तुझ्या हाताला वेगळं काम देतोय.

गाडी अजून शेडमध्ये आहे, भाऊ बाहेर बाकावर बसलाय. उरलेले पैसे त्याने दिलेले नाहीत, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या नाहीत. म्हणजे वेळ गेलेली नाही. टाकी तू उचलायची, मी नाही. हेड पाइपमागची जागा चिंधीने कोरडी पूस, रॉकेल चोळ, पाच मिनिटं थांब, पुन्हा पूस आणि वर खडूची पूड लाव. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूतून ओलसर रेघ काढतं. रेल्वेच्या कारखान्यांत अशा भेगा शोधत, लाल डायचे डबे यायच्या कितीतरी आधी. रेघ आली की भावाला आत बोलाव आणि तुझ्या बोटाने दाखव. आली नाही तरी दोरी लावून वाकडेपणा दाखव. मग त्याच्यासोबत एजंटकडे जा आणि इसार परत माग. एजंट आवाज चढवेल. तू चढवू नकोस, मापांचा कागद पुढे कर. तो कागद आत्ता बनव. डावीकडे किती, उजवीकडे किती, व्हीलबेस किती, तारीख घाल, खाली सही कर. तुझी, माझी नव्हे.

आणि टाकी काढण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद कर. मागच्या वेळी अर्धा लिटर फरशीवर सांडलं होतंस.